अंतर राखणे : उत्तम

गाडी शिकवणाऱ्या बाईंची मान सात महिने डावीकडे वळत नव्हती. उजवीकडे वळायची, पण फार कुरकुर करून. मागचं बघायचं तर बाई खुर्चीसकट फिरायच्या, आणि गाडीच्या सीटला ती सोय नसते. मागे बघता येत नाही म्हणजे शिकवणी बंद. मान सुटायला लांबलचक उपचार हवे होते, उपचारांना भरपाई हवी होती, आणि भरपाईच्या आड त्यांचाच एक जुना विद्यार्थी येऊन बसला होता.

या विद्यार्थीबुवांना सगळे घड्याळवाले म्हणत, कारण ते घड्याळं दुरुस्त करत. पन्नाशी उलटल्यावर त्यांना गाडी शिकायची हुक्की आली. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून दोन बोटांवरचं बघितलेला माणूस; त्यापलीकडच्या जगाशी त्यांची जुजबी ओळख होती. पुढची गाडी जवळ आली की ते “आली वाटतं,” म्हणायचे आणि ब्रेक बाई दाबायच्या. असे चाळीस धडे झाले. एक्केचाळिसाव्या धड्याला बाईंच्या नाकी नऊ आले. त्यांनी शिकवणी पूर्ण झाल्याचा दाखला काढला, सगळ्या रकान्यांत डोळे मिटून ‘उत्तम’ लिहिलं, सही ठोकली आणि ब्याद टळली म्हणून स्वतःलाच कॉफी पाजली. पुढे सरकारी परीक्षेत ते कसे पास झाले, ते त्या परीक्षकालाच ठाऊक. त्याचेही चाळीस धडे झाले असतील.

तीन वर्षांनी बाई लाल सिग्नलला निवांत उभ्या असताना ब्याद मागून येऊन आदळली.

आणि वर गाडीतून उतरून म्हणाली, “अरेच्चा, बाई, तुम्ही!”

चेहऱ्यावर जुन्या शिक्षिका भेटल्याचा निव्वळ आनंद होता. बाईंना तेव्हा मान हलवून उत्तरही देता आलं नाही.

बाईंची नणंद वकील होती. उभ्या गाडीला मागून धडक, म्हणजे भरपाई डोळे झाकून मिळणार, असं ती म्हणाली. तिने कागदपत्रंही डोळे झाकूनच वाचली असावीत. कारण सुनावणीच्या दिवशी विमा कंपनीच्या वकिलाने फायलीतून अलगद तो दाखला काढला.

सुनावणीची खोली अरुंद होती. लांब टेबल, पाण्याचा जग, पण पेला एकही नाही. भिंतीवरचं घड्याळ मागे पडलं होतं आणि घड्याळवाले सारखे त्याच्याकडे बघून अस्वस्थ होत होते.

“आमच्या ग्राहकांचं म्हणणं आहे की बाई सिग्नलला उभ्या नव्हत्या. चालता चालता एकदम थांबल्या,” वकील म्हणाला. “आमचे ग्राहक अंतर राखून चालवतात. मी म्हणत नाही, खुद्द बाईच म्हणतात. अंतर राखणे : उत्तम. सही आहे, शिक्का आहे.”

“तुम्ही त्यांना थांबताना पाहिलंत?” टेबलाच्या टोकाला बसलेल्या अधिकाऱ्याने घड्याळवाल्यांना विचारलं.

“पाहिलं असं नाही साहेब,” घड्याळवाले प्रामाणिकपणे म्हणाले. “पण मला अंतर राखता येतं. बाईंनी लिहून दिलंय, दुकानात फ्रेम करून लावलं होतं मी. मग चूक माझी कशी असेल? त्याच एकदम थांबल्या असणार.”

बाईंचं डोकं तापलं. माणूस खोटं बोलत असता तर त्याला उभा-आडवा घेतला असता, पण हा तर त्यांच्याच शब्दावर विश्वास ठेवून बसला होता!

नणंद कानाला लागली. “वहिनी, तोंडातून अवाक्षर काढू नका. दाखला खोटा म्हणालात तर तुमच्या ड्रायव्हिंग शाळेचा परवाना जाईल. गप्प बसा, निम्मी भरपाई पदरात पाडून घेऊ.”

“निम्म्यात मान निम्मीच वळेल गं.”

“निम्मी तर निम्मी.”

घड्याळवाले समोर समाधानाने बसले होते, आणि इथून निघून ते पुन्हा गाडीत बसणार होते. रस्त्यावर शाळा सुटलेली असणार, आणि हे ‘आली वाटतं’ म्हणणार. आपल्या मानेवर निभावलं, दुसऱ्याच्या पोरावर निभावणार नाही, हे बाईंना लख्ख दिसलं.

“तो दाखला खोटा आहे,” बाई म्हणाल्या.

नणंदेने कपाळाला हात लावला.

“यांना अंतर राखता येत नव्हतं. चाळीस धड्यांत एकदाही नाही. मला कंटाळा आला होता, म्हणून लिहून टाकलं. आणि मी उभी होते. सिग्नल लाल होता.”

वकिलाने दाखला उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. अधिकाऱ्याने बराच वेळ लिहिलं. मग म्हणाला, “उत्तम लिहिलं म्हणून उभी गाडी चालायला लागत नाही. भरपाई पूर्ण मिळेल. पण दाखल्याचं परवाना खात्याला आजच कळवावं लागेल.”

“कळवा,” बाई म्हणाल्या.

सगळे उठले, घड्याळवाले उठले नाहीत.

“म्हणजे मला येतच नव्हतं?”

“नव्हतं.”

“मग तेव्हाच सांगायचंत ना, बाई,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “मी आणखी चाळीस धडे घेतले असते. मला कुठे घाई होती?”

तीन वर्षं हा माणूस एका शब्दाच्या भरवशावर रस्त्यावर जात होता, आणि तो शब्द त्यांनी कटकट मिटवायला लिहिला होता. त्यांना मनापासून लाज वाटली.

घड्याळवाल्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. “आता मी चालवत नाही. भीती वाटते.”

“वाटू दे. चाळीस धड्यांत पहिल्यांदाच वाटतेय,” बाई म्हणाल्या. त्यांनी किल्ली उचलली. “आज तुमची गाडी नणंदबाई घरी सोडतील. उद्या सकाळी सातला माझ्याकडे या. पहिल्या धड्यापासून. मोकळ्या मैदानात, तिथे मागे बघावं लागत नाही.”

“वहिनी, परवाना जातोय तुमचा!” नणंद किंचाळली.

“जाईपर्यंत तर आहे. आणि गेला तर दुसऱ्या शाळेत पोचवीन यांना. मागच्या सीटवर मी बसेन.”

घड्याळवाल्यांनी वही काढली, पण पेन हातातच राहिलं.

“आणि या वेळीही नाही आलं तर?”

“तर लिहीन, नाही आलं.”

ते ऐकून घड्याळवाल्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी वहीत लिहिलं, उद्या, सात.