ज्ञानूच्या नावाचा कोंबडा

कुत्र्याचं नाव जमादार. ठेवलं होतं नाथाजीनं. नाथाजी पहिल्या लढाईत शिपाई म्हणून गेला आणि शिपाई म्हणूनच परत आला, तेव्हा निदान कुत्र्याला तरी त्यानं बढती दिली होती. पूर्वी ह्या जमादारानं कुणाच्या पिल्लाकडं वाकड्या नजरेनं बघितलं नव्हतं. कोंबड्या त्याच्या भाकरीत चोची मारायच्या आणि हा लेकाचा बाजूला सरकून झोपायचा.

बिघडलं ते चैत्रात. नाथाजीचा बाळासो इटलीतून हातीपायी धड परत आला. त्याची आई बयाबाई, तिनं लेकाच्या नावानं म्हसोबाला सोडलेला कोंबडा कापला, सगळ्या आळीला जेवायला घातलं, आणि आतडी, पिसं, पाय दिले घरामागच्या परड्यात भिरकावून. जमादारानं ते सगळं खाल्लं. झालं! एकदा तोंडाला रक्त लागल्यावर कुत्र्याला काय ठाऊक, हे आपलं परडं आणि ते शेजारचं? पंधरा दिवसांत शेजारच्या अंबूबाईच्या दोन तलंगा, नुकत्या अंड्यावर आलेल्या, गेल्या.

तलंगा गेल्या त्याचं राहीला काही वाटलं नाही. राही ही अंबूबाईची सून. हल्ली तिला कशाचंच काही वाटायचं नाही. भाकरी करपली तरी नाही, चांगली झाली तरी नाही. पाण्याला जायची, यायची, सारवायची, दळायची. कुणी हसलं की आपणही हसायचं असतं हे तिला आठवायचं, पण तोवर हसणारा पुढं निघून गेलेला असायचा.

तिचा नवरा ज्ञानू बाळासोबरोबर एकाच दिवशी, एकाच पलटणीत गेला होता. त्याच दिवशी दोघांच्या आयांनी एकाच कोंबडीची दोन पिल्लं म्हसोबाला सोडली होती. पोरगा परत आला की कोंबडा द्यायचा, तोवर त्याला सुरी लावायची नाही, विकायचा नाही, कुणी हातसुद्धा लावायचा नाही. बयाबाईचा नवस फिटला. ज्ञानूचा कोंबडा मात्र फिरतच होता. दोन वर्षांपूर्वी सरकारी कागद आला होता, शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवला होता. त्यात ज्ञानू मेला असं नव्हतं. बेपत्ता आहे असं होतं.

आता बेपत्ता म्हणजे काय, हे भावकीनं आपल्या मनानं ठरवून टाकलं होतं. राहीचा चुलत दीर आप्पासो महिन्याकाठी एकदा तरी यायचा आणि ओसरीवर बसून तेच म्हणायचा, "काकी, किती दिस असं चालायचं? दिवस घालू, पोरीच्या बांगड्या उतरवू. लोकं बोलत्यात."

अंबूबाई सूप पाखडता पाखडता उत्तर द्यायची, "म्हसोबाचं देणं हाय. कोंबडा फिरतोय तवर दिवस घालायचं न्हाईत. जा, इचार गुरवाला."

गुरवही तेच सांगायचा. देवाशी बोललेलं उघडं असताना माणसाचं सुतक कसं धरायचं? आप्पासो काखेत टोपी मारून निघून जायचा. असं दोन वर्षं चाललं होतं. कपाळावर कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या, आणि हे सगळं एका कोंबड्याच्या जिवावर. राही कुणाची बायको होती की कुणाची विधवा, हे त्या कोंबड्यालाच ठाऊक. कधी कधी तिला वाटायचं, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. पण हेही फार जोरात वाटायचं नाही.

तलंगा गेल्यावर अंबूबाई नाथाजीच्या दारात उभी राहून चांगली तोंडभर बोलली. नाथाजी बिचारा शरमला. त्यानं आधी मेलेली तलंग कुत्र्याच्या गळ्यात बांधली. चार दिवस ती कुजेपर्यंत जमादार तो वास घेऊन गावभर फिरला, आणि पाचव्या दिवशी पुन्हा अंबूबाईच्याच कुडाशी हजर! मग नाथाजीनं बाभळीचं हातभर लाकूड त्याच्या गळ्यात अडकवलं. लोढणं पुढच्या पायांत आपटायचं, त्यामुळं त्याला पळता येईना. अंबूबाईनं कुडाला काट्या लावल्या. दोन्ही घरांना वाटलं, मिटलं.

त्या दिवशी अंबूबाई मेढ्याच्या बाजाराला गेली होती. राही परड्यात एकटीच शेणी थापत होती. ऊन चांगलं तापलं होतं. कोंबड्या सावलीला गेल्या होत्या आणि ज्ञानूचा कोंबडा एकटा मधोमध उभा होता, म्हातारा, जाडजूड, एका डोळ्यानं जगाकडं बघत.

लोढणं दगडावर घासल्याचा आवाज राहीला आधीच आला होता. खर्र, खर्र, थांबलं. पुन्हा खर्र. कुडाच्या खालच्या फटीतून जमादारानं डोकं घातलं, मग खांदे घातले, मग ओढत ओढत लाकूड आत घेतलं. इतका वेळ लागला त्याला, की एखाद्यानं तेवढ्यात पाणी पिऊन यावं. काठी राहीच्या उजव्या हाताशी भिंतीला टेकलेली होती. हात शेणानं भरलेला होता, एवढंच.

कोंबड्या ओरडून छपरावर गेल्या. कोंबडा मात्र हलला नाही. तीन वर्षं गावात त्याच्या वाटेला कुणी गेलं नव्हतं, पोरांनी कधी खडा मारला नव्हता, की कुणी त्याच्या मागं धावलं नव्हतं. पळायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो मान ताठ करून कुत्र्याकडं बघत राहिला, आणि राही दोघांकडं.

काठी उचल, असं तिला तिच्याच आतलं कुणीतरी म्हणालं. तिनं ते ऐकलं. हातातली शेणी पुरी थापली, कडा दाबल्या. मग कोंबड्याचा एकच आवाज आला.

सगळं झाल्यावर ती ओरडली. नाथाजी धावत आला, त्यानं जमादाराला लाथेनं, दगडानं, जे सापडेल त्यानं हाणलं. कोंबडा केव्हाच गार झाला होता. नाथाजीनं तो उचलून बघितला. "अगं पोरी, ह्यो तर ज्ञानूच्या नावाचा!" म्हणाला आणि रडायला लागला. राहीला त्याची कीव आली की नाही, तेही तिला कळलं नाही.

अंबूबाई बाजारातून आली तोवर ही बातमी आळीभर झाली होती. नाथाजी हात जोडून दारात उभा. "अंबूवैनी, तुमी म्हनाल तसं. आत्ताच्या आत्ता कुचला घालून मारतो त्याला."

अंबूबाईनं डोईवरची पाटी उतरवली. परड्यात गेली. पिसं बघितली, कूड बघितला, भिंतीकडं बघितलं. मग म्हणाली, "मुक्या जनावराला कुचला कशापायी? साखळीनं बांधा आन् बांधलेलं ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आप्पासो हजर. ह्या वेळी ओसरीवर बसलाही नाही. "काकी, आता देवानंच निकाल दिला. गुरवाला मी इचारून आलोय. सोमवारी दिवस घालू." राही चुलीपुढं बसून हे ऐकत होती. सोमवार म्हणजे चार दिवस. बांगड्या दगडावर फोडतात की भिंतीवर, ते तिला आठवेना. झालं एकदाचं, असं तिनं मनात म्हणून बघितलं. हलकं काही वाटलं नाही.

अंबूबाई उठून बाहेर गेली. आली ती पदरात काहीतरी घेऊन. बयाबाईकडच्या नव्या पिल्लांतलं एक होतं, मुठीएवढं, तुरा नुकता कुठं फुटत होता.

"कुत्र्यानं नेला म्हंजे देवाला पोचला व्हय?" ती आप्पासोला म्हणाली. "देणं ऱ्हायलंच हाय. बदली कोंबडा सोडतीय. सांग जा गुरवाला."

आप्पासो पाय आपटत निघून गेला. अंबूबाईनं देवळीतली कुंकवाची डबी घेतली.

राहीला तिचाच आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला. "आत्याबाई, ते येनार न्हाईत."

"मला ठावं हाय."

राहीनं वर बघितलं.

"नवसाच्या जेवणाच्या दिशीच बाळासोनं सांगितलं मला," अंबूबाई म्हणाली. "नदी वलांडताना गेला. त्यानं सवताच्या डोळ्यानं बघितलं. कुनापाशी बोलू नगंस म्हनून मीच त्याला शपथ घातली."

"मग कोंबडा कुणासाठी राखला तुमी?"

"ज्याला जायचं त्यो गेला. तू बावीस वर्साची हायस. आप्पासोनं तुला एका कोपऱ्यात बसवायच्या आधी मला मरू तरी दे." तिनं डबी उघडली.

"आत्याबाई, मी बघत हुते. काठी हाताशी हुती."

"व्हय. काठी जिथल्या तिथं हुती, मी आले तवा." अंबूबाईनं पिल्लू तिच्या ओटीत ठेवलं. "ह्याला तरी राख."

पिल्लू ओटीत धडपडलं. राहीनं त्याला दोन्ही हातांनी धरलं. त्याचं काळीज बोटांखाली फार जोरात उडत होतं आणि ते तिला कळत होतं. अंबूबाईनं पिल्लाच्या डोक्यावर कुंकू टेकवलं, आणि बोटाला उरलं होतं ते राहीच्या कपाळाला लावलं.