दुकानाचा नंबर

बाळांनो, चाकूरच्या बाजारपेठेतलं एक किराणा दुकान डोळ्यांपुढे आणा. दारात मिठाच्या गोण्या, आत हरभऱ्याच्या डाळीचा वास आणि गल्ल्यावर गुरुपादप्पा, घरादाराचे आप्पा. कपाळावर भस्माचे पट्टे, पण कान अधू. म्हणून त्यांच्या मोबाइलला एक मोठा स्पीकर जोडलेला. पैसे जमा झाले, गॅसची टाकी निघाली, कुणाचा निरोप आला, सगळं तो खणखणीत वाचून दाखवायचा. शाळेत असो की दवाखान्यात, घरातल्या कुणालाही नंबर विचारला, की हाच सांगितला जायचा. घरात त्याचं नावच पडलं होतं, दुकानाचा नंबर.

आप्पांचा थोरला नातू अमरनाथ नांदेडला इंजिनिअरिंग शिकत होता. त्याची चुलतबहीण शिवकन्या सहावीत. तिला लहानपणी फिट यायची. रोजची गोळी चुकली नाही, तर आता काही होत नसे. लातूरच्या डॉक्टरांनी खेळायलाही सांगितलं होतं. पण ही गोष्ट घराच्या उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. लोकांना कळलं तर पोरीकडे कुणी सरळ नजरेनं बघणार नाही, असं तिची आई नागम्मा म्हणायची.

यंदा शिवकन्या शाळेच्या खो-खो संघात आली. तालुक्याचे सामने तोंडावर, सराव जोरात. त्या नादात गोळी राहून जाईल, ही अमरनाथला धास्ती. म्हणून त्यानं तिच्यासाठी गोळीची आठवण करून देणारं ॲप बनवलं. तिची माहिती कुठल्या कंपनीच्या हाती लागू नये, जाहिरातवाल्यांना दिसू नये, म्हणून एकेक वाट शोधून बंद केली. कॉलेजातल्या सरांनी पाठ थोपटली. शेवटी आठवण कोणत्या नंबरवर पाठवायची, ते भरायचं होतं. त्याच्या बोटांनी दुकानाचा नंबर भरला. त्याला विचारही करावा लागला नाही.

बाजाराच्या दिवशी तो गावी आला आणि आप्पांच्या हाताखाली साखर तोलायला उभा राहिला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात स्पीकर बोलला, "शिवकन्या, फिटच्या गोळीची वेळ झाली. विसरू नकोस."

अमरनाथ मोबाइलकडे झेपावला. पण यंत्र आपल्या नातीची काळजी घेतंय, याचं आप्पांना भारी कौतुक वाटलं. त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "शिवे, ये गं. गोळी घे, मोबाइलचा डबा बोलवायलाय."

शिवकन्या दारात आली आणि तिथंच थांबली. गिऱ्हाइकांत उमाबाई होत्या. त्यांची मुलगी शिवकन्येच्याच संघात.

"आगं बया, हिला फिट येती व्हय?" त्या म्हणाल्या. "आन् आमच्या पोरीसंगं पळती रोज."

अमरनाथनं सांगून पाहिलं, की हे लागण होणारं दुखणं न्हाई मावशी, डॉक्टरांनी खेळ म्हणलंय. उमाबाईंनी मान हलवली, पिशवी उचलली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी संघातून शिवकन्येचं नाव निघालं. अमरनाथ डॉक्टरांचा कागद घेऊन शाळेत खो-खो शिकवणाऱ्या सिद्धराम सरांकडे गेला. सर भला माणूस. त्यांनी कागद वाचला, चहा मागवला आणि हताशपणे म्हणाले, "मला पटतंय रे. पण चार घरचे पालक येऊन गेले. मैदानावर काही झालं, तर मी कुणाकुणाला तोंड देऊ?"

अमरनाथनं तो नंबर काढून टाकला होता, ॲपही पुसलं होतं. हे त्यानं शिवकन्येला सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं,

"आन् उमामावशीच्या डोक्यातनं कसं पुसायचं, दादा?"

इतके दिवस त्यानं सगळ्या परक्यांना बाहेर ठेवलं होतं. आपल्या माणसांचं घर कसं चालतं, एक मोबाइल किती जणांचा असतो, एवढंच तो विसरला होता. शिवकन्या मैदानाकडे निघाली. तो तिच्यामागून मैदानापर्यंत गेला आणि कडेला उभा राहिला.

सराव सुरू होता. शिवकन्येच्या जागी दुसरी मुलगी होती. ती पाणी प्यायला उठली, तसा तिचा बसायचा चौकोन रिकामा झाला. शिवकन्या जाऊन त्यात बसली. शेजारची मुलगी जराशी सरकली. सरांनी येऊन तिला दंडाला धरून हळूच उठवलं, रेषेबाहेर नेलं, डोक्यावरून हात फिरवला. सरांची पाठ वळली, तशी ती परत आली आणि त्याच चौकोनात जमिनीला हात टेकून, उठायच्या तयारीत बसली.