आधी विचारपूस

“अगं, माणूस दारात उभा आहे. त्याला आत तरी येऊ दे,” दादा म्हणाले.

“कोण दारात उभं आहे? रीगाला बसलाय तो, स्वतःच्या ऑफिसात. दिवसाला शंभर मेल उघडायच्या असतात त्याला.”

“मग तर दमला असेल. त्याला जास्तच विचारायला हवं.”

माझे वडील आमच्या रिश्तोन गावातल्या सुक्या जर्दाळूंच्या कारखान्यात पत्रव्यवहार बघायचे. आधी टंकयंत्र होतं, मग फॅक्स आला, मग संगणक. यंत्रं बदलली, पण दादांच्या पत्रांची सुरुवात बदलली नाही. मी ताश्कंदला एका बँकेत हेच काम करते. तिथे मला शिकवलं होतं की कामाचं काय ते पहिल्या ओळीत यायला हवं. सुट्टीला घरी आले की दादा आपली लिहिलेली मेल मला दाखवायचे, आणि मी ती कापायचे.

त्या दिवशीची मेल अवघड होती. जर्दाळू वाळायला पसरलेले असताना अवकाळी पाऊस झाला होता आणि एक तृतीयांश माल काळा पडला होता. चव तीच होती, रंग गेला होता. रीगाच्या गुंतिसने, आमच्या जुन्या गिऱ्हाइकाने, मागवले होते सोनेरी. त्याने नाही म्हटलं असतं, तर सगळा माल रस काढणाऱ्यांच्या घशात मातीमोल भावाने गेला असता आणि माल निवडणाऱ्या बायकांचा हंगाम तिथेच संपला असता. दादांनी त्या बायकांना सांगून ठेवलं होतं, “मी लिहितो त्याला. तो ऐकेल.”

मी वाचायला घेतलं. रीगाच्या माणसालाही दादांनी अका, म्हणजे थोरला भाऊ, करून टाकलं होतं. आदरणीय गुंतिस अका, तब्येत कशी आहे? इल्झे वहिनींचा गुडघा आता वळतो का? तुमच्याकडे या दिवसांत रात्र होतच नाही म्हणतात, झोप लागते ना? कामाचा फार शीण होत नाही ना? असं करत करत चौथ्या परिच्छेदात पाऊस आला, आणि पावसानंतर हे वाक्य: ‘काही फळांनी आपला रंग जरा गंभीर केला आहे.’

“दादा, फळं गंभीर झाली म्हणजे काय? काळी पडली म्हणा की सरळ.”

“काळी म्हटलं की त्याला वाटेल कुजली.”

“आणि गंभीर म्हटलं की काय वाटेल? नमाजाला बसलीत?”

दादा इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. खिडकीबाहेर, तुतीच्या सावलीत बायका फळं निवडत होत्या. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या ओयदिन-ओपांनी मान वर केली.

“तुर्गुन-अका, लेक शाळा घेतेय वाटतं?”

“छडी खातोय, ओपा!” दादा म्हणाले आणि मग नेहमीसारखं म्हणाले, “होर्मांग!”

थकू नका. काम करणाऱ्या माणसाच्या जवळून जाताना आमच्याकडे असं म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत. समोरचा हातातलं काम न थांबवता म्हणतो, “बोर बोलिंग,” असेच असा. दादा ते सगळ्यांना म्हणायचे. गाडीवाल्याला, तंदूरवाल्याला, कालव्यातला गाळ काढणाऱ्यांना.

“बोर बोलिंग, अका,” ओयदिन-ओपा म्हणाल्या. “तुम्हाला मात्र काय म्हणायचं? दमलीच तर तुमची खुर्ची दमायची.”

“तिला म्हणा मग. बिचारीला कधी कोणी विचारत नाही.”

बायका हसल्या. मीही हसले आणि खुर्ची माझ्याकडे ओढून घेतली. पहिल्या ओळीत लिहिलं, पावसामुळे एक तृतीयांश माल काळा पडला आहे. दुसरीत, चव आणि टिकाऊपणा उत्तम, तपासणीचा अहवाल सोबत आहे. मग दोन पर्याय दिले: फक्त सोनेरी घ्या, किंवा सगळा घ्या आणि काळ्याला कमी भाव द्या. शेवटी, कृपया या आठवड्यात कळवा.

दादांनी दोनदा वाचलं.

“स्वच्छ आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं.”

“म्हणजे चांगलं की वाईट?”

“चांगलंच. पण चिठ्ठी हातात पडली की माणूस आधी घाबरतो.” त्यांनी शेवटी उरलेल्या आपल्या एका ओळीवर बोट ठेवलं. “गुडघा तरी राहू दे, किझिम.”

“गुडघ्याचा जर्दाळूंशी काय संबंध?”

“दोन्ही गुंतिसचेच.”

पण मग त्यांनी स्वतःच गुडघ्याची ओळ खोडली. “तुझं शिक्षण वाया का घालवू?” म्हणाले आणि बटण दाबलं. पडद्याकडे बघून हलकेच म्हणाले, “जा गं बाई, नीट जा.”

संध्याकाळी त्यांनी माझ्या पिशवीत दोन गरम नान कोंबले आणि ताश्कंदच्या गाडीपर्यंत सोडायला आले. गाडीवाल्याला होर्मांग म्हणाले. काच वर करता करता मी म्हटलं, “गुंतिसचं उत्तर आलं की कळवा.” आमच्यातलं शेवटचं बोलणं तेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेत मामांचा फोन आला.

“मावजुदा, किझिम, कशी आहेस? तब्येत बरी? काम ठीक चाललंय? साहेब बरे वागतात ना? जेवलीस का?”

मामा फोनवर एरवी “कोण?” आणि “बरं” एवढंच बोलतात.

“जेवले, तोगा.”

“छान. तिकडे ऊन फार आहे का? हं. तुझ्या दादांना जरा बरं वाटत नाहीये. तशी घाई नाही काही. पण निघ.”

मामा मला दारात उभं करून सांगत नव्हते. आत घेऊन बसवत होते, पुढ्यात चहा ठेवत होते. त्यांनी माझ्या साहेबांची चौकशी केली तेव्हाच मला सगळं समजलं. “निघते,” म्हटलं.

घाट ओलांडून पोचले तेव्हा आमच्या दारात पुरुष अंगात लांब चपान घालून, कमरेला रुमाल बांधून उभे होते. माझ्यासाठी थांबले होते. मी दादांचा चेहरा बघितला आणि मग ते त्यांना घेऊन गेले. आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी फाटकापर्यंत गेले.

काही दिवसांनी कारखान्याचे संचालक सोबिर-अका आले. दुवा झाली, चहा झाला. ते आईची तब्येत विचारत राहिले, अंगणातल्या द्राक्षवेलीबद्दल बोलत राहिले. शेवटी मीच म्हटलं, “गुंतिसचं उत्तर आलं का?”

“आलंय गं. म्हणजे... त्याला परत लिहायला हवं. पत्रं रशियनमध्ये जातात, आणि माझी रशियन बाजारातली. भाव करायला ठीक आहे. हे मला जमायचं नाही.”

मी त्यांच्याबरोबर गेले. दादांच्या खुर्चीवर त्यांची घडी घातलेली गोधडी तशीच होती. टेबलावर प्याला पालथा होता. गुंतिसची मेल उघडली.

‘सगळा माल घेतो. काळ्याचा भाव तुम्ही सांगाल तो. स्पष्ट लिहिलंत, बरं झालं. गोलगोल लिहिलं असतंत तर मी कदाचित नाही म्हटलं असतं.’

त्याखाली एक ओळ मोकळी सोडली होती. मग:

‘तुमची मेल या वेळी फार छोटी होती. पत्नीला वाचून दाखवली. तिलाही तसंच वाटलं. तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना? तिचा गुडघा आता वळतो.’

बाहेर पेट्या भरणं चालू होतं. ओयदिन-ओपा कुणाला तरी ओरडत होत्या की काळे वेगळे, पिवळे वेगळे, डोळे काय घरी ठेवलेस?

मी लिहिलं: ‘तुर्गुन रहमातोव्ह यांचे निधन झाले आहे. यापुढील पत्रव्यवहार संचालकांशी करावा.’ बँकेत मी अशी पत्रं लिहिते. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मग ते पुसलं.

‘आदरणीय गुंतिस अका,’ मी पुन्हा सुरुवात केली. ‘इल्झे वहिनींचा गुडघा वळतो हे वाचून आम्हा सर्वांना आनंद झाला. जिने अजून जपून चढायला सांगा. तुमच्याकडे आता तरी रात्र होते का? झोप लागते का? आमच्याकडे पाऊस गेला आणि चांगलं ऊन पडलं आहे. तुमचा माल भरायला घेतला आहे. बायका सकाळपासून बसल्या आहेत आणि एकमेकींशी भांडत आहेत, म्हणजे काम नीट चाललं आहे. मागची छोटी मेल मी लिहिली होती. मी तुर्गुन रहमातोव्ह यांची मुलगी. त्यांना तुमच्या घरची चौकशी करायची होती.’

मग नवा परिच्छेद सुरू केला आणि त्यात काय ते लिहिलं. वर किती ओळी झाल्या ते मोजून बघितलं नाही. दादांना जेवढी जागा लागायची, तेवढी मलाही लागली होती.

मेल गेली. ओयदिन-ओपा खिडकीशी आल्या. त्यांच्या बोटांना जर्दाळूंचा चिकटा होता.

“झालं का लिहून?”

“झालं, ओपा. सगळा माल घेतोय तो. काळासुद्धा.”

त्यांनी मनगटाने डोळे पुसले आणि परत जाऊन बसल्या. त्यांचे हात पुन्हा चालू लागले.

मी प्याला उचलून कोपऱ्यातल्या फळीवर ठेवला. खुर्ची टेबलाखाली सरकवली, गोधडी राहू दिली. त्या खोलीत मी लहानपणापासून येत होते. शाळेतून, कॉलेजातून, बँकेतून. आत यायचे, दादा टाइप करत असायचे, आणि मी म्हणायचे, “चला, घरी जायचं ना?” होर्मांग मी बाहेरच्या बायकांना म्हणायचे, दारावरच्या पहारेकऱ्याला म्हणायचे; दादांना कधीच म्हटलं नव्हतं.

दाराशी मी वळले.

“होर्मांग, दादा,” मी मोठ्याने म्हटलं.