कोपरा चेपलेली पेटी

मी नऊ सिनेमांची पेटी बोलतेय. निळं कापड, आत नऊ तबकड्या, एक जाडजूड पुस्तिका, आणि उजवीकडचा वरचा कोपरा चेपलेला. कोपऱ्याचं आधीच सांगून टाकलं, म्हणजे तुम्ही तो शोधत बसणार नाही.

माझा जन्म तुमच्यासारखा झाला नाही. तुम्ही आधी जन्माला येता आणि मग लोक तुमच्याकडून अपेक्षा करू लागतात. माझं उलटं झालं. मी कुठेच नव्हते तेव्हापासून माणसं माझी वाट बघत होती. एका फारसं न बोलणाऱ्या, कधीच वारलेल्या दिग्दर्शकाचे सगळे सिनेमे धुऊनपुसून एका पेटीत येणार, असं एका सकाळी जाहीर झालं. त्यासरशी कितीतरी खोल्यांमधली माणसं उठून आपापल्या कपाटापाशी गेली. त्यांनी पुस्तकं सरकवली, पेट्या सरकवल्या आणि हातभर जागा मोकळी केली. माझं पहिलं घर म्हणजे त्या मोकळ्या जागा. तिथे मी नुसतीच तरंगत असायचे.

तो काळ फार गोड होता. मला रंग नव्हता, कारण रंग ठरायचा होता. वजन नव्हतं. कुणाच्या मनात मी राखाडी होते, कुणाच्या मनात काळी. संग्राहकांचा इंटरनेटवर एक गट होता, त्यात माझ्यावरून रोज जुंपायची. पुस्तिका शिवलेली हवी की चिकटवलेली, तबकड्या पुठ्ठ्याच्या खिशात ठेवल्या तर चरे पडतील की नाही, एक ना दोन. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, त्यातला प्रकार. एका गृहस्थाने तर दोन पेट्या सांगून ठेवल्या होत्या, एक बघायला आणि एक कधीच न उघडायला. न उघडताही आपल्याला कुणी जीव लावू शकतं, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

माझी तारीख पुढे जायची. लोक चडफडायचे आणि आतून थोडे सुखावायचेही. वाट बघायची सवय लागलेल्या माणसाला वाट संपलेली फारशी आवडत नाही.

त्या गटात एक जण मात्र रंगाबद्दल कधी बोलले नाहीत. ते एकच प्रश्न विचारायचे, "सहावा पूर्ण आहे ना?" इतक्यांदा विचारलं, की त्यांचं नावच सहावेकाका पडलं. हे सहावेकाका पेशाने बाइंडर. खाली त्यांचं पुस्तकं बांधायचं दुकान, वर दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची थोरली बहीण. तिला ते ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणते.

सहाव्याची गोष्ट अशी. ताई तरुणपणी टेलिफोन ऑफिसात कामाला होत्या. रविवारी सकाळी एका शाळेच्या सभागृहात असले सिनेमे दाखवायचे, तिथे त्या लहान भावाला घेऊन गेल्या. भाऊ पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्या मांडीवर झोपला. सिनेमा होता नदीवर नाव चालवणाऱ्या एका बाईचा. शेवटी नाव दुसरंच कुणीतरी घेऊन जातं, ती काठावर उभी राहते, आणि तिचा चेहरा पडद्यावर कितीतरी वेळ तसाच राहतो. सभागृहातून बाहेर पडताना सगळे म्हणाले, शेवटी ती रडली. ताईंना मात्र ती हसताना दिसली होती. त्यांनी तसं म्हटलं, तर लोक त्यांच्याकडे बघून हसले.

पुढे तो सिनेमा कुठेच दिसला नाही. शेवटचं रीळ खराब झालं असं लोक म्हणायचे. पण ताईंच्या मनातून ते गेलं नाही. भांडी घासताना, दिवे मालवताना त्या मध्येच म्हणायच्या, "अरे, मी हसतानाच बघितलं होतं रे तिला." आणि झोपून गेलेला भाऊ आयुष्यभर त्या दहा मिनिटांनंतरचा सिनेमा शोधत राहिला. त्यातूनच त्यांना संग्रहाचा नाद लागला, भिंतभर कपाटं भरली. सहाव्याची जागा तेवढी रिकामी होती.

मग एकदाची मी खरीखुरी झाले. सरसाचा वास, पुठ्ठ्यावर ताणून बसवलेलं कापड, हातमोजे घातलेल्या एका बाईने एकेक करून आत सरकवलेल्या तबकड्या. शेवटी गरम हवेचा झोत आला आणि प्लास्टिक अंगाला घट्ट बसलं. स्वप्नातून उठून थेट नवे कपडे घातल्यासारखं वाटलं. मी स्वतःवर खूश होते, लपवून काय करू?

तो आनंद गाडीपर्यंत टिकला. वाटेत कुठेतरी पाण्याचा पंप असलेलं खोकं माझ्या खोक्यावर येऊन आदळलं. अंधारात मला फक्त एवढंच कळलं, की माझा एक कोपरा आता पूर्वीसारखा नाही.

मी पोचले तेव्हा दुपार होती. वरच्या खोलीत पडदे ओढलेले, टीव्हीसमोर दोन खुर्च्या. ताईंच्या एका डोळ्यात मधोमध डाग होता, तो जुनाच. आता दुसऱ्या डोळ्यालाही दाराची चौकट वाकडी दिसायला लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, इंजेक्शनं देऊ, पण काय वाचेल ते आत्ताच सांगता येत नाही. ताई खुर्चीत सरळ बसून म्हणाल्या, "आज दिसतंय. लाव लवकर."

बाइंडरांनी मला खोक्यातून काढलं, फिरवलं आणि थांबले. लक्षात घ्या, या माणसाचा जन्म कोपरे घडवण्यात गेलेला. पुठ्ठ्यावर कापड दुमडताना कोपऱ्यात एक सुरकुती राहिली तर सगळं उसवून पुन्हा करणारा माणूस. कोपरा गेला की पुस्तकाची अब्रू गेली, असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे.

"ताई, कोपरा चेपलाय."

"सिनेमाचा?"

"पेटीचा गं."

"मग पेटी ठेव बाजूला आणि सिनेमा लाव."

"प्लास्टिक फाडलं तर परत घेत नाहीत. इतकी वर्षं थांबलो, आता चेपलेली कशाला ठेवून घ्यायची? बदलून मागतो. आठवड्याभरात दुसरी येईल."

ताई थोडा वेळ टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघ बाबा. तुझी पेटी आहे."

त्यांनी हट्ट धरायला हवा होता. पण आयुष्यभर लोकांना "थांबा हं, जोडून देते" म्हणत आलेल्या बाई त्या, थांबणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. बाइंडरांनी मला पुन्हा खोक्यात घातलं, इतक्या हळुवार हातांनी, की मला त्यांचा रागसुद्धा येईना. आणि ताईंनी उठून पडदे उघडले.

परत आलेल्या वस्तूंचं एक गोदाम असतं. तिथे दांडी नसलेली किटली होती, एका पायाला होणारे आणि दुसऱ्याला न होणारे बूट होते, मागे पडणारं घड्याळ होतं. कुणीच कुणाला विचारत नव्हतं, तुझं काय बिघडलं म्हणून. धुळीच्या उजेडात मी पडून राहायचे आणि माझ्या पोटातल्या त्या नदीचं पाणी मला ऐकू यायचं. वाटायचं, ती बाई अजून काठावर उभी आहे, तिच्या चेहऱ्याचं काय ते होऊ दे म्हणून थांबलीय.

आठवड्याचा महिना झाला. मग कळलं, की दुसरी पेटी नाही. जेवढ्या काढल्या तेवढ्या संपल्या आणि पुन्हा काढणार नाहीत. बाइंडरांनी गटातल्या त्या दोन पेट्यावाल्या गृहस्थांना विचारलं, निदान सहावी तबकडी चार दिवस द्या, बहिणीला दाखवायची आहे. ते म्हणाले, पहिली मित्राकडे गेलीय आणि दुसरी न उघडता ठेवायची आहे, तुम्ही समजू शकता. बाइंडरांना समजत होतं, हीच तर पंचाईत. शेवटी त्यांनी मलाच परत मागवलं.

मी आले तोवर ताई भावाला पावलांवरून ओळखू लागल्या होत्या. घड्याळाकडे बघितलं, तर त्यांना कडेचे आकडे दिसत आणि काटे दिसत नसत. समोर उभ्या माणसाचे कान, खांदे, केस दिसत, चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं.

बाइंडरांनी मला फोडलं नाही. मांडीवर घेऊन बसले आणि मग गुपचूप कपाटातल्या त्या जागेत उभं केलं. जिच्यात मी इतकी वर्षं तरंगले तीच जागा, पण आता मला तिथे गुदमरायला होत होतं. ताई विचारायच्या, "आली का रे?" आणि हा साठीचा माणूस शाळेतल्या पोरासारखा म्हणायचा, "नाही अजून."

एका दुपारी ताई कपाट पुसत होत्या. दिसत नसलं तरी हे काम त्यांनी सोडलं नव्हतं. फडकं एकेका पेटीवरून सरकत माझ्यापर्यंत आलं आणि थांबलं. त्यांनी फडकं टाकून अंगठ्याने माझा कोपरा चाचपला. मग खाली दुकानात ऐकू जाईल इतक्या आवाजात हाक मारली.

बाइंडर खळीच्या हातांनीच वर आले.

"केव्हा आली ही?"

त्यांनी खळीचे हात एकमेकांवर चोळले.

"मला चेहरा दिसणार नाही म्हणून लपवलीस?"

"माझ्यामुळे झालं ताई. त्या दिवशी लावला असता तर..."

"झालं ते झालं. चणे आले आणि दात गेले, म्हणून काय चणे फेकून द्यायचे? फाड ते प्लास्टिक."

त्यांनी फाडलं. किती साधा आवाज असतो तो. त्या आवाजाला घाबरून जगातल्या कितीतरी कपाटांत माझ्या बहिणी तशाच उभ्या आहेत.

सहावा सुरू झाला आणि ताईंनी खुर्ची टीव्हीकडून वळवून भावाकडे केली.

"इकडे काय बघतेस?"

"तुझ्याकडे नाही बघत. तू मधोमध आलास, तू दिसतच नाहीस मला. टीव्ही कडेला आला की तो दिसतो. नदी दिसतेय बघ. दोर पण दिसतोय."

असा तो सिनेमा बघितला गेला. बहीण भावाकडे तोंड करून, भाऊ टीव्हीकडे. या खेपेला तो झोपला नाही. मधेच बाइंडरांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. ताईंना दिसत नाही म्हणून त्यांनी ते पुसलंही नाही. ताईंनी पदराखालचा रुमाल काढून पुढे केला. टेलिफोनवर माणसांचे श्वास ऐकत नोकरी केलेली बाई ती.

नाव निघून गेली. बाई काठावर राहिली. चेहरा आला. संगीत नाही, फक्त पाण्याचा आवाज.

"आता आला ना चेहरा? सांग, काय करतेय ती?"

बाइंडर पुढे झुकले. त्यांच्या मनात काय आलं ते मला दिसलं. 'हसतेय' एवढा एक शब्द म्हटला, की बहिणीचं आयुष्यभराचं म्हणणं खरं ठरणार होतं आणि चेपलेल्या कोपऱ्याचं थोडं तरी ऋण फिटणार होतं. ओठांवर आला होता तो शब्द. त्यांनी तो गिळला आणि बघत राहिले, चेहरा मिटेपर्यंत.

"कळत नाहीये ताई. हसतेय म्हणावं तर रडतेय, आणि रडतेय म्हणावं तर तसंही नाही. एकाच वेळी दोन्ही चाललंय तिचं."

 ताई खुर्चीत मागे टेकल्या.

"म्हणजे मी बरोबर बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि ते लोकही खोटं बोलत नव्हते. बरं झालं. मला उगाच त्यांचा राग होता."

आता माझं प्लास्टिक गेलं आहे. कापडावर खळीचे डाग आहेत, पुस्तिकेच्या कडा मळल्या आहेत, आणि संग्राहकांच्या हिशेबी मला कवडीचीही किंमत नाही. बाइंडरांनी एकदा कोपरा नीट करायला पुठ्ठा कापून आणला होता, पण काम पडलं आणि ते राहूनच गेलं. मला त्याचं काही वाटत नाही.

तुम्हीही कपाटात जागा करून कुणाची तरी वाट बघत असाल. खुशाल बघा, त्यात फार सुख आहे, मी स्वतः ते सुख होते. पण वस्तू दारात आली, की तिला फिरवून बघण्याआधी शेजारच्या खुर्चीतल्या माणसाकडे बघा. माझी एवढीच विनंती आहे. चला, निरोप द्या. ताईंनी मला मांडीवर घेतलंय आणि भावाला वर बोलावलंय. आज त्यांना दुसरा सिनेमा लावून हवा आहे. त्यात म्हणे एक माणूस शेवटपर्यंत पाठमोराच चालत राहतो, आणि तो त्यांना अगदी स्वच्छ दिसतो.