श्रावणातली टरफलं

अंजूरच्या दौलतशेठांच्या घरात श्रावण म्हणजे श्रावण. एरवी चिंबोऱ्या-कोलंबीवर पोसलेलं घर, पण तो एक महिना अंड्याचं नावसुद्धा काढायचं नाही. सून विनिताही हे सगळं मनापासून पाळायची, सोमवारचे उपास धरायची. म्हणूनच यंदा तिचा जीव जास्त जळत होता.

कारण टायगर. शेतात गोडाऊन उभं राहिलं तेव्हा विनिताच्या नवऱ्याने, भाविकने, राखणीला आणलेलं अल्सेशियनचं पिल्लू. आधी लाडालाडाने त्याला नुसतं बिनहाडांचं चिकन घातलं, हाड घशात अडकेल म्हणून. मग श्रावण लागला आणि त्याच्या वाट्याला वरणभात आला. नाव टायगर, पण पुढचे पाय वाकले आणि बिचारं उठताना कण्हायला लागलं. भिवंडीच्या डॉक्टरीणबाईंनी पाय चाचपून सांगितलं, "घरचं जेवण घालता ते ठीक, पण त्यात कॅल्शियम कुठे आहे? नुसत्या मांसात ते नसल्यासारखंच, वरणभातातही नाही. वाढत्या हाडांना ते मिळालं नाही तर हा जन्माचा अधू होईल." बाटलीतलं औषध टायगरच्या पोटात टिकेना, तेव्हा बाईंनी दुसरा उपाय दिला. अंड्यांची टरफलं धुवायची, भाजायची, पिठासारखी वाटायची आणि रोज अर्धा चमचा जेवणात मिसळायची.

विनिताने बेकरीतून टरफलं मागून आणली. घर बाटायला नको म्हणून मागच्या दारी तीन विटा मांडून भाजली. भुकटी डब्यात भरते न भरते तोच सासूबाई गोदूबाई येऊन उभ्या राहिल्या.

"श्रावणात अंडं? बाटवलंस गो माझं घर!"

"आई, अंडं न्हाय, टरफल हाय. आणि खाणार कुत्रा हाय, आपण न्हाय."

डबा गटारात रिकामा झाला. विटांवर गोमूत्र शिंपडलं गेलं. झोपाळ्यावरून दौलतशेठांनी निकाल दिला, "देवाला मी काय तोंड दाखवू? गणपतीपर्यंत कुत्रा उभा राहिला तर राहिला, न्हायतर मानकोली नाक्यावर सोडून येऊ. दुसरा आणू." भाविकने ताटातून मान वर केली नाही.

विनिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुकं जनावर जन्माचं लंगडं झालेलं देवाला चालतं आणि चिमूटभर भुकटी चालत नाही? असं कोणत्या पोथीत लिहिलंय? आणि देवाचं सोडा, या माणसांना चालतं कसं? रात्रभर ती धुमसत राहिली.

सोमवारी सकाळी उपाशीपोटीच तिने पिशवी उचलली आणि रिक्षाने मानकोली नाका गाठला. तिथे ट्रक उभे राहतात त्या बाजूला अंडाभुर्जीची गाडी होती. ट्रक ड्रायव्हरांना कसला श्रावण! तिने गाडीवाल्याकडे टरफलं मागितली.

"ले जाओ भाभी, जितना चाहिए," तो म्हणाला आणि बादली घ्यायला ताडपत्रीआड वळला. ताडपत्री बाजूला सरली. आत बाकावर पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात जाड चेन, कपाळाला शंकराचं ओलं गंध आणि पुढ्यात डबल हाफ-फ्राय. दौलतशेठ!

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाव हातातच राहिला.

"विनिता... घरी काय बोलू नको."

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. पण मांजर निदान दुसऱ्याला उपास घडवत नाही! सोमवारी सगळं घर साबुदाण्यावर, एक जीव पाय ओढत फिरतोय आणि हे इथे पिवळ्यात पाव बुडवून बसलेत. आदल्या दिवशीचा डबा, गोमूत्र, सगळं विनिताच्या डोळ्यांपुढे आलं.

"मी कशाला बोलू?" ती म्हणाली. मग गाडीवाल्याकडे वळली. "भैया, इनकी प्लेट के अंडों के छिलके भी डालो इसमें. घर ले जाने हैं." भरलेली पिशवी तिने सासऱ्यांच्या हातात दिली. "चला बाबा. ही तुमीच धरा."

रिक्षाभर पिशवी दौलतशेठांच्या मांडीवर होती. घरी पोचले तर टायगर ओसरीच्या पायरीशी खुरडत होता. पायरी त्याला चढवेना. त्याला पाहून विनिताचे डोळे भरून आले.

गोदूबाई दारात तोंड सोडणारच होत्या, पण पिशवी नवऱ्याच्या हातात पाहून थबकल्या.

"औषध हाय," दौलतशेठ पुटपुटले. "कुत्र्याचं."

गोदूबाईंनी पिशवीत डोकावलं. वरची टरफलं अजून ओली होती, आत्ताच फोडलेली. जन्म चुलीपुढे गेलेली बाई ती, तिला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी नवऱ्याकडे नीट बघितलं.

"टरफलं कुत्र्याला," त्या म्हणाल्या, "आणि आतलं कुणाला?"

दौलतशेठ गंध पुसायला लागले.

"विनिता," गोदूबाई कडाडल्या, "तवा आत गॅसवर ठेव. टरफलं घरात भाजायची. आणि महिना संपेस्तोवर यांचं ताट मागच्या दारी वाढ."