थांब, भाव उतरेल

ग्वात सिमचा मुलगा हेंग सल्ल्यासाठी अख्ख्या जेलुतोंग वस्तीत प्रसिद्ध होता. घरच्या घरी गेम खेळायचा कॉम्प्युटर जोडायचा म्हटलं की पोरं पेनांग बेटाच्या कुठल्याही टोकाहून त्याच्याकडे यायची. प्रोसेसर मागच्या पिढीचा घे, चालतो. मेमरीच्या दोन छोट्या पट्ट्या घे, एक मोठी नको. रंगीत दिव्यांच्या पंख्यांवर एक रिंगिटही उधळू नकोस. पॉवर सप्लाय मात्र चांगलाच हवा, तिथे काटकसर केलीस तर एक दिवस सगळंच जळेल. आणि उरलेला पैसा ग्राफिक्स कार्डात घाल, कारण चित्र तेच हलवतं. एवढं सांगून झालं की ठरलेलं वाक्य यायचं, "आणि थांब. भाव उतरेल."

परक्या पोरांना हे सांगायला काही हरकत नव्हती. पण हा दिवटा बापालाही तेच सांगायचा.

बाप, म्हणजे ग्वात सिमचा नवरा लिम तेक लाय, आयुष्यभर मंडईच्या कोपऱ्यावर हातगाडीवर ‘चार कोय तिऊ’ नावाच्या नूडल्स परतत आला. दुपारी गाडी बंद करून घरी आला की बनियनवर बसून बंदुकांचा गेम. साठी उलटलेला माणूस अनोळखी पोरांशी लढायचा आणि नातवंडं शोभतील अशी ती पोरं त्याला रोज लोळवायची, कारण कॉम्प्युटर जुना. शत्रू दारातून आत आला की नेमकं चित्र गोठायचं, आणि सुटायचं तेव्हा म्हातारा मेलेला असायचा. जेवताना तो कुरकुरायचा, नुसतं कार्ड बदललं तरी पुरे. हेंग घास गिळून म्हणायचा, थांबा पा, नव्या वर्षात उतरेल. नवं वर्ष आलं आणि गेलं. मग म्हणायचा, थांबा, नवं मॉडेल येतंय, जुनं स्वस्त होईल. नवं आलं आणि जुनं महाग झालं. दोन वर्षं हेच चाललं. मार्चमधल्या एका सकाळी म्हातारा कढईसमोर गोठला, तो पुन्हा हललाच नाही.

ग्वात सिमने त्यावरून मुलाला एक शब्द विचारला नाही. विचारायला तोंड उघडलं असतं तर शिव्याच बाहेर पडल्या असत्या. निदान तेवढं एक कार्ड तरी त्यांना मिळायला हवं होतं, हे तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. मुलगा ऑफिसातून यायचा, जेवायचा, ताट धुवायचा. ती त्याच्याकडे न बघता भात वाढायची.

चिनी पंचांगातला सातवा महिना, पितरांचा महिना, लागला तेव्हा ती त्याला घेऊन चुआच्या दुकानात गेली. जाळलं की तिकडे पितरांना पोचतं असं सगळं चुआकडे कागदाचं मिळतं. कागदाचं दुमजली घर ठरलं, गाडी ठरली, बूट ठरले. मग ती म्हणाली की म्हाताऱ्याला कॉम्प्युटरही पाठवायचाय. चुआने दोन प्रकार दाखवले. एक तयार छापील डबा, स्वस्तातला. दुसरा तो हाताने बनवून देणार होता, पण तिप्पट महाग. ग्वात सिमने हाताने बनवलेला सांगितला.

हेंगने नमुना उलटापालटा करून पाहिला आणि सवयीने म्हणाला, "मा, जरा थांब. पंधरवडा उलटला की यांचे भाव उतरतात."

शब्द बाहेर पडले आणि त्याचा चेहरा पांढराफटक झाला. चुआच्या हातातला गोंदाचा ब्रश जिथल्या तिथे राहिला. ग्वात सिमला वाटलं, आपण ऐकलं ते खरं नसावं. पोटच्या पोराच्या तोंडून, या दुकानात, हे.

"बापाला जिवंतपणी थांबवलंस," ती म्हणाली. "आता मेल्यावरही थांबव."

ती चुआकडे वळली आणि धडाधड सांगत सुटली, मेमरीच्या पट्ट्या दोन हव्यात, पॉवर सप्लाय चांगला दणकट हवा, आणि कार्ड ते मोठं, तीन पंख्यांचं, त्यांना तेच हवं होतं. दोन वर्षं भाताबरोबर दुसरं कानावर काय पडलं होतं?

"वहिनी, आत काय आहे ते कोण बघतंय," चुआ म्हणाला. "बाहेरून छान दिसलं की झालं."

"ते उघडून बघतील."

हेंग बाहेर जाऊन स्कूटरवर बसला.

जाळायच्या दिवशी तो स्वतःच कॉम्प्युटर आणायला गेला आणि बराच उशिरा परतला. कागदाचा डबा छातीशी धरून आणला, शेजारच्या ऊ काकू धरू लागल्या तर त्यांनाही हात लावू दिला नाही. एवढ्याशा कागदाला दोन-दोन हात कशाला, असं ग्वात सिमच्या मनात आलं. आता कसली काळजी, वरातीमागून घोडं. त्याने कागदाच्या घरात, दिवाणखान्यात, तो नीट ठेवला. उदबत्त्या लावून झाल्या, संत्री मांडून झाली, आणि रस्त्याच्या कडेला घर पेटलं.

आधी भिंती गेल्या, मग गाडी. मग जाळ हिरवट झाला, काळा धूर उठला आणि प्लास्टिक जळाल्याची घाण नाकात शिरली. कागदाला असा वास येत नाही. ग्वात सिम पुढे झाली आणि त्याच वेळी आगीत फाटकन काहीतरी फुटलं. ऊ काकूंच्या हातून उदबत्त्या गळाल्या. पुन्हा एकदा फुटलं. कागद जळून बसला आणि निखाऱ्यांत न जळणारी एक वस्तू उघडी पडली. तीन पंखे वितळत होते, मागे धातूच्या पातळ पट्ट्या लाल होत होत्या. मुलाच्या फोनवर दोन वर्षं तिने याचंच चित्र पाहिलं होतं.

मग पाच महिने पोराला मनातल्या मनात कंजूस म्हणणाऱ्या त्याच बाईने चिमटा उचलला आणि आगीत हात घातला.

"अरे मूर्खा, ते खरं आहे. काढ ते, काढ आधी."

हेंगने तिचं मनगट धरलं. "राहू दे, मा. पोचू दे त्यांना."

ती प्लास्टिकच्या स्टुलावर मटकन बसली. केवढ्या नूडल्स परतल्या असत्या तेव्हा एवढे पैसे झाले असते, हा हिशेब डोक्यात आपोआप सुरू झाला आणि अर्ध्यावरच थांबला. हेंग आगीकडे बघत उभा होता, डोळे धुराने की कशाने लाल. कितीतरी बोलायचं होतं, पण तोंडून निघालं ते भलतंच.

"उतरला होता का रे भाव, शेवटी?"

"नाही," हेंग म्हणाला. "चढलाय."