डोमाजीची सुट्टी

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटंसं ऑफिस आहे. मी तिथे प्रोग्रामर. आमचं नाव घेण्याजोगं काम एकच, 'वेस' नावाची वेबसाइट. यवतमाळकडच्या लोकांनी तिच्यावर घरचे, गावचे फोटो टाकायचे आणि दूर गेलेल्यांनी पाहायचे. ज्यानं फोटो उघडला त्याचं नाव खाली 'पाहिलं' म्हणून उमटतं.

हे नाव उमटवणं आम्ही मुद्दाम मागे ढकललेलं आहे. फोटो ताबडतोब दाखवायचा. कोणी पाहिला ही नोंद मात्र रांगेत टाकून द्यायची. मग पडद्याआड चालणारा दुसरा एक प्रोग्राम रांगेतली एकेक नोंद उचलतो आणि सवडीनं डेटाबेसमध्ये लिहितो. पाहणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही, एवढाच हेतू. या प्रोग्रामला आम्ही डोमाजी म्हणतो. आमचे मालक मंदार सर यांच्या गावी त्या नावाचे कारकून होते म्हणे. काहीही द्या, "ठेवा तिथं, करतो मंग" म्हणायचे, आणि खरंच करायचे.

मी मूळची पुसदची. यवतमाळात शीलाकाकूंच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहते. काकू निवृत्त नर्स. त्यांच्या एकुलत्या एका मुलासाठी, संघर्षसाठी, त्यांनी इथल्याच दवाखान्यात नोकरी बोलून ठेवली होती, आणि त्याला जायचं होतं हैदराबादला. कडाक्याचं भांडण झालं. "जाशील तं मांगं पाहू नको," असं काकू बोलून गेल्या. तो गेला. त्यानं फोन केला नाही, यांनीही केला नाही. हट्टात कोणी कोणाला हार जाणारं नव्हतं.

काकूंना 'वेस' मीच शिकवली. पहिला फोटो अंगणातल्या शेवग्याचा. संध्याकाळी खाली नाव उमटलं, संघर्ष. काकूंनी मला बोलावून आग्रहानं भरीत वाढलं. तेव्हापासून रोज एक फोटो. उतू गेलेलं दूध, शेजारची मांजर, संघर्षची गंजलेली सायकल. स्वतःचा मात्र कधीच नाही. "माहं काय पाहाचं?" म्हणायच्या. त्या एका नावावर त्यांचा दिवस निघायचा.

मग आली खंडेनवमी. आमची हत्यारं म्हणजे कॉम्प्युटर. पूजेला मांडलेलं हत्यार चालवायचं नाही, हा मंदार सरांचा बाणा. पण साइट बंद ठेवली तर लोक बोंबलतील. म्हणून त्यांनी तोड काढली: साइट चालू, डोमाजीला सुट्टी. त्याचं काम मागे ढकललेलंच, अजून दोन दिवस ढकललं तर कोणाचं काय बिघडतं? सर्व्हरला हळदकुंकू लागलं, झेंडू चढला. दसऱ्यानंतर डोमाजीला हातानं चालू करायचं होतं. सरांना वाटलं मंडळी करतील, मंडळींना वाटलं सर करतील. मी तेव्हा आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुसदला गेले होते.

दिवाळी करून परतले तर काकूंचं फोटो टाकणं बंद.

"काहून हो काकू?"

"कोन पाह्यते?" त्या भांडी लावत होत्या, मान वर केली नाही. "धम्मचक्र दिनाचा टाकला होता. विहारातली रोशनाई. लहानपनी त्याच पायरीवर बसे तो. नाई पाह्यला. मंग अजून टाकून पाह्यले. आता कायले त्याच्या मांगं लागू? इसरला असन." ताट फडताळात ठेवत म्हणाल्या, "मन लागत नाई व केतकी. फोन हातात घेते अन् ठेवून देते."

मी 'वेस' उघडली. खंडेनवमीपासून एकाही फोटोखाली एकही नाव नव्हतं. कोणाच्याच. फोटो दिसला नाही तर लोक फोन करून डोकं खातात. नाव दिसलं नाही तर गुपचूप झुरतात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. सर्व्हरवरचा झेंडू वाळून कोळसा झाला होता. असा संताप आला की तो उचलून मंदार सरांच्या टेबलावरच आपटला. "सर, तुमच्या हत्याराची विश्रांती झाली असेल तर उठवू का त्याला?" सरांनी जीभ चावली.

डोमाजीला उठवण्याआधी मी रांग पाहिली. संघर्षनं विहाराचा फोटो त्याच दिवशी उघडला होता. त्यानंतरचेही सगळे उघडले होते. शेवटचा फोटो होता काकूंच्या ओट्यावरल्या ज्वारीच्या भाकरीचा. तो त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उघडला होता. संध्याकाळी पुन्हा. कालही. रोज नवीन काही आलंय का पाहायला येत होता आणि तीच भाकर पाहून परत जात होता. मला तिथल्या तिथे रडू आलं. मग डोमाजीला चालू केलं.

संध्याकाळी काकूंना सगळं सांगितलं. विहाराच्या फोटोखाली नाव आलं होतं, ते दाखवलं. त्या नावावर बोट ठेवून बसून राहिल्या.

"म्हंजे तो रोज येऊन गेला," त्या म्हणाल्या, "अन् मी दार लावून बसली होती."

मग उठल्या, तोंड धुतलं, केस सारखे केले आणि फोन माझ्या हातात दिला. "काढ माहा फोटो."

मी काढला, टाकला. काकू पडद्यावरून नजर हलवेनात.

"नाव काहून नाई येत?"

"डोमाजीची जुनी रांग संपायची हाय, काकू. नाव उशिरा येईन."

"येऊ दे. नाव उशिरा आलं म्हनून त्याचं पाहनं तं उशिरा होत नाई ना?"

"नाही."

"मंग आत्ता पाहूनही राह्यला असन?"

"असन."

काकू फोनकडे पाहत जराशा हसल्या, आणि खांद्यावरचा पदर नीट केला.